जळगावहून आफ्रिकेला एकट्यानं निघायचं असेल तर

"एकला कथा चालना रे भो?" (एकटा कुठे चाललास रे भाऊ?) हा प्रश्न घरात पहिल्याच दिवशी येतो. उत्तर म्हणून नकाशावर कैरोपासून केपटाउनपर्यंत रेघ ओढू नका. अख्खा खंड एका दमात ठरवणारे बहुधा भुसावळच्या पुढे जात नाहीत. पहिले दोन महिने पक्के करा, पुढचं तिकडे गेल्यावर सुचतं.

माझ्या मते सुरुवात केनिया, युगांडा, रवांडा अशी करावी. या तिन्ही देशांचा मिळून एकच व्हिसा मिळतो: १०० डॉलर, ९० दिवस. तिघांत हवी तेवढी ये-जा करा, पण मध्येच टांझानियात डोकावलात तर तो बाद होतो. आधी ज्या देशात उतरणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. त्याही आधी पासपोर्ट उघडून बघा. सहा महिन्यांहून जास्त मुदत आणि दोन-तीन कोरी पानं हवीत.

मुहूर्त जानेवारीचा धरा. तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि वर्षाच्या शेवटी छोटा. जानेवारी-फेब्रुवारी त्या मानानं कोरडे. आपल्याकडेही तोवर बराचसा कापूस विकून झालेला असतो.

आता लस. पीतज्वराची लस गावातल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, आधी वेळ घेऊन जा. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती टोचलेली हवी, नाहीतर प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की जन्मभर चालते. मिळालेलं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. ते परतताना आपल्याच विमानतळावर मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीपुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. हिवतापाच्या गोळ्याही त्यांनाच विचारा, त्या निघण्याआधीच सुरू करायच्या असतात.

डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि नव्या छपाईच्या घ्या. जुन्या, चुरगळलेल्या नोटा तिकडे सरळ परत करतात. केनियात उतरल्यावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करा. २००७ पासून तिथे फोनवरून पैसे देतात, भाजीवालीलासुद्धा.

पिशवीत बिबडे आणि शेव भरणारच, भरा. फक्त कॅरीबॅगमध्ये नको. रवांडात २००८ पासून आणि केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून घ्या. केनिया आणि युगांडात चार्जरला तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

मग रंगीत तालीम. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तीन दिवस एकटे जा, हीच पिशवी पाठीवर घेऊन. घोड्यांच्या गर्दीत जी वस्तू एकदाही बाहेर काढली नाही, ती घरी ठेवा.

भाषेची फार धास्ती नको. स्वाहिलीत चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू म्हणतात. घोळ होतो तो घड्याळाचा. त्यांचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून 'सा मोजा', म्हणजे पहिला तास, हे आपले सकाळचे सात. मी दुपारी एकला बसअड्ड्यावर हजर झालो, तेव्हा गाडी जाऊन सहा तास झाले होते. वेळ कळली की 'आपली की तुमची?' हे विचारूनच घ्या.

नैरोबीहून कंपाला बसनं गाठा, पण दिवसाची गाडी धरा. बुसिया किंवा मलाबाला सीमा ओलांडायची. कंपालात मटोके खा: कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवतात आणि मळतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं कुणी असेल तर त्यानं पहिल्या घासाआधी मत बनवू नये. कंपालाहून किगालीला जाताना सीमेवर रस्त्याची बाजू बदलते. युगांडात गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, रवांडात उजव्या. तिथे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा.