केअरर कोण, हे आईने ठरवावं: इंग्लंडमध्ये डायरेक्ट पेमेंट कसं घ्यायचं

एजन्सीची केअरर संध्याकाळी साडेसहाला येते, मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करते, नाइटी चढवते, पलंगावर टेकवते आणि निघते. पंचवीस मिनिटांत सगळं. जिने जन्मभर साडेआठला वरणभात खाल्ला, तिला हे सोसावं लागतं ते केवळ एजन्सीच्या फेरीत तिचं घर त्या वेळेला येतं म्हणून. इंग्लंडमध्ये हे निमूटपणे सोसायची गरज नाही. केअर ॲक्ट २०१४ नुसार कौन्सिल (तिथली महापालिका) जिच्या देखभालीचा खर्च उचलते ती व्यक्ती म्हणू शकते, "सेवा नको, पैसे द्या, माणूस मी ठेवते." यालाच डायरेक्ट पेमेंट म्हणतात. ज्येष्ठांना हा मार्ग या कायद्याच्याही आधी, २००० पासून खुला आहे. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे; इथे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं.)

सुरुवात असेसमेंटपासून, म्हणजे गरजांच्या पाहणीपासून. कौन्सिलच्या अडल्ट सोशल केअर विभागाला फोन करा किंवा ऑनलाइन फॉर्म भरा आणि स्पष्ट सांगा: "केअर ॲक्टखाली नीड्स असेसमेंट हवं आहे." ते मोफत असतं. फोनवरच "सेव्हिंग्ज किती?" असं विचारून कोणी वाटेला लावू लागलं तर ऐकू नका, पैसे कितीही असले तरी गरज दिसत असेल तर असेसमेंट करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. त्याच फोनमध्ये दोन गोष्टी मागून घ्या. एक, मराठी दुभाषी. मुलीने किंवा सुनेने भाषांतर केलं की आई लघवीबद्दल, पडण्याबद्दल बोलत नाही. दुसरी, घरात जी सांभाळते तिचं वेगळं केअरर्स असेसमेंट.

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. असेसमेंटला कौन्सिलचा साहेब घरी आला की आपली माणसं चहा पुढे करतात आणि म्हणतात, "मला काही त्रास नाही, सूनबाई सगळं बघते." तसंच कागदावर उतरतं आणि तास कापले जातात. कायद्याच्या यादीत दहा बाबी आहेत: खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, शौचाला जाणं, कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर नीट ठेवणं, नाती टिकवणं, काम किंवा शिक्षण, बाहेरच्या सोयी वापरणं, मुलं सांभाळणं. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे यातल्या किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर व्यक्ती पात्र ठरते. "जमत नाही" याचा अर्थ नीट समजून घ्या. मदतीशिवाय करता येतं, पण त्यात खूप दुखतं, जिवाला धोका असतो किंवा नेहमीपेक्षा फारच वेळ लागतो, तरी ते "जमत नाही" यातच धरलं जातं. आणि सूनबाई आज जे करते ते बाजूला ठेवूनच गरज मोजायची असते. तिची मदत किती धरायची हा हिशेब नंतरचा, आणि तोही तिची तयारी असेल तरच.

म्हणून आधी आठ दिवस वही ठेवा. रात्रीसकट. "आंघोळीला मदत लागते" एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: "टबच्या काठावरून उजवा पाय उचलता येत नाही. आंघोळीला ४० मिनिटं. मंगळवारी तोल गेला, नळ धरला म्हणून वाचली. त्यानंतर दोन दिवस आंघोळ टाळली." चांगला दिवस आणि वाईट दिवस, दोन्ही लिहा.

पैशाचा हिशेब त्यानंतर होतो. तिच्या नावावर २३,२५० पौंडांहून जास्त भांडवल असेल तर कौन्सिल सहसा खर्च देत नाही. १४,२५० च्या खाली असेल तर भांडवलाला हात लागत नाही, फक्त उत्पन्न बघतात. मधल्या पट्ट्यात दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. देखभाल घरीच होणार असेल तर राहतं घर मोजत नाहीत. मुलाचा पगार मोजत नाहीत. पण तिच्या नावावरची भारतातली एफडी आणि पुण्यातला रिकामा फ्लॅट मोजतात, तेव्हा ते लपवू नका. आणि फॉर्म भरण्याआधी घाईने नातवाच्या नावावरही करू नका, कारण कौन्सिल ती मालमत्ता अजून तिचीच आहे असं धरू शकते. आजारपणामुळे होणारे जादा खर्च मात्र सगळे मांडा: हिटिंग, रोजची धुलाई, पॅड, पथ्याचं खाणं. पावत्या जोडा. त्याने तिला भरावा लागणारा वाटा कमी होतो.

आता केअर प्लॅन, म्हणजे कोणती मदत कधी आणि कशी द्यायची याचा कागद. इथे घाई करू नका, कारण पुढे "हे प्लॅनमध्ये नाही" याच वाक्यावर सगळं अडतं. "जेवणात मदत, रोज ३० मिनिटं" असं लिहिलं की डबा गरम करणारीच येणार. त्याऐवजी: "रात्री ८ ते ९: ताजा मऊ वरणभात किंवा ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. शेजारी बसून भरवणं, कारण घास अडकतो." "आंघोळ" याऐवजी: "शॉवर अंगावर घेतला की घाबरते, स्टुलावर बसवून, बादली आणि तांब्याने." डिमेन्शिया असेल तर मराठी बोलणारी व्यक्ती ही आवड म्हणून नव्हे, गरज म्हणून लिहा, मागाहून शिकलेलं इंग्रजी अनेकदा आधी निसटतं आणि मग तहान लागली हेही तिला सांगता येत नाही. रविवारी देवळात किंवा मंडळात नेणं हेसुद्धा मागता येतं. नाती आणि बाहेरच्या सोयी त्या दहांत आहेतच.

प्लॅनसोबत पर्सनल बजेटचा, म्हणजे तिच्या देखभालीसाठी ठरवलेल्या रकमेचा आकडा येतो. त्याची फोड लेखी मागा: किती तास, तासाला किती, आणि केअररचे मालक म्हणून येणारा खर्च (रजा, विमा, पेन्शन) त्यात धरला आहे का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. २०२५-२६ च्या दरांनी एक हिशेब पाहू. दर एप्रिलला आकडे बदलतात. आठवड्याला १४ तास, तासाला १३ पौंड (त्या वर्षी किमान वेतन १२.२१). आठवड्याचे १८२, वर्षाचे ९,४६४. पण केअररला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा द्यावी लागते, म्हणजे ७८.४ तास. त्या तासांना बदली माणूस आणला की आणखी १,०१९ पौंड २० पेन्स. बजेट ९,४६४ चंच असेल तर वर्ष संपायच्या आत पैसे संपतात, आणि दोष मात्र घरच्यांवर येतो. ५,००० पौंडांपुढच्या पगारावर मालकाने १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स द्यायचा असतो; केअरर ठेवणाऱ्याला एम्प्लॉयमेंट अलाउन्स ही त्यातली सूट मिळते, त्यामुळे इथे तो शून्यावर येतो, मात्र पगाराच्या हिशेबात (पेरोलमध्ये) तशी सूट मागावी लागते. तास १४ चे १५ केले की वर्षाचा पगार १०,१४० होतो आणि १०,००० ची रेषा ओलांडल्याने केअररला पेन्शनमध्ये घालावं लागतं. वाढवण्याआधी हा खर्च मागून घ्या.

पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्या, किंवा प्रीपेड कार्डावर. कागदपत्रं झेपत नसतील तर कौन्सिलकडे मॅनेज्ड अकाउंटची चौकशी करा. त्यात पैसे आणि पगार दुसरी संस्था बघते, माणूस निवडता तुम्हीच. तिचा स्वतःचा वाटा त्याच खात्यात दर आठवड्याला भरायचा असतो. हे राहून जातं आणि तपासणीत मोठी थकबाकी निघते. तिला स्वतःला निर्णय घेता येत नसेल तर तिच्या वतीने योग्य व्यक्ती अर्ज करून पैसे सांभाळू शकते.

कोणाला ठेवता येतं? वेगळ्या घरात राहणाऱ्या मुलीला, हो. त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातलगाला सहसा नाही. गरजच आहे असं कौन्सिलने मान्य केलं तर अपवाद. आपल्याकडे पटकन शेजारच्या मराठी विद्यार्थिनीला बोलावतात. जरूर बोलवा, पण पहिल्या दिवसाआधी तिच्याकडून शेअर कोड (व्हिसाची माहिती दाखवणारा ऑनलाइन कोड) घेऊन तिचा कामाचा हक्क सरकारी साइटवर तपासा. पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, दुसरी नोकरी धरून. नियम मोडला तर मालकाला पहिल्या खेपेला एका व्यक्तीमागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तिचा व्हिसा धोक्यात येतो. "तू सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून कर" ही पळवाट तर नकोच. वेळ तुम्ही ठरवता, काम तुम्ही सांगता, म्हणजे ती तुमची नोकर. आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी लेखी करार हातात द्या. त्याआधी किमान ५० लाख पौंडांचा मालक-दायित्व विमा काढा आणि आठवड्याला १२५ पौंड (२०२५-२६ चा आकडा) किंवा जास्त देणार असाल तर एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, मालक म्हणून नोंद करा. केअरर आजारी पडली तर कोणाला बोलवायचं, त्या एजन्सीचं नाव आधीच प्लॅनमध्ये लिहून ठेवा.

हजेरीची सही, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट एका फाइलीत, महिन्याच्या महिन्याला. पहिली तपासणी सहा महिन्यांच्या आत होते, पुढे किमान वर्षातून एकदा. खात्यात रजेसाठी पैसे साठवले असतील तर ते कशासाठी, हे प्लॅनमध्येच लिहून घ्या, नाहीतर शिल्लक समजून परत मागतात.

नकार आला किंवा तास कापले तर तोंडी उत्तरावर थांबू नका. कारणं लेखी मागा, आठ दिवसांची वही जोडून कौन्सिलकडे तक्रार करा, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जा, शक्यतो घटना कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत. आईला हे सगळं समजायला जड जात असेल आणि तिच्या बाजूने बोलणारं कोणी नसेल, तर स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तिची बाजू मांडणारा माणूस) देणं हे कौन्सिलचंच काम आहे. असेसमेंटच्या पहिल्या फोनवरच तो मागता येतो.