एस्पोझितो आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

इटलीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत रोस्सी, फेर्रारी, रुस्सो यांच्यासोबत एस्पोझितोचं नाव येतं. नेपल्समध्ये तर हे आडनाव पावलोपावली भेटतं. आणि वंशावळ शोधणारे सर्वाधिक चुकतात तेही इथेच.

पहिली चूक म्हणजे सगळे एस्पोझितो एकाच कुळातले मानणं. लॅटिन 'एक्सपोझितुस' म्हणजे उघड्यावर ठेवलेला. टाकून दिलेल्या बाळांना हे आडनाव दिलं जाई, त्यामुळे त्यामागे एक घराणं नाही, अनाथालयांच्या नोंदवह्या आहेत. आडनाव विचारून कूळ ओळखायची आपली सवय इथे कामाची नाही.

नेपल्सच्या अनुन्झियाता या अनाथालयाच्या भिंतीत लाकडाचं पोकळ, फिरतं पिंप बसवलेलं होतं. रस्त्याकडच्या झरोक्यातून बाळ आत ठेवायचं आणि पिंप फिरवायचं, की ते आतल्या बाईच्या हाती. ठेवणाऱ्याचा चेहरा कोणालाही दिसत नसे. मग वहीत तारीख, अंदाजे वय, अंगावरचे कपडे आणि सोबतची एखादी खूण अशी नोंद होई आणि बाळाच्या गळ्यात शिशाचा बिल्ला बांधला जाई. हे पिंप १८७५ मध्ये बंद झालं.

यातूनच दुसरी चूक होते. एस्पोझितो म्हणजे अनौरस, असं बिनदिक्कत लिहून टाकतात. खायला घालणं परवडत नाही म्हणून लग्नाच्या जोडप्यांनीही मुलं तिथे ठेवली. कपडे आणि खुणा बारकाईने लिहून ठेवण्याचं एक कारण हेच, की पुढेमागे आई परत आली तर मूल ओळखता यावं. पुरावा हाती नसताना पणजोबांच्या आईवर शिक्का मारू नका.

तिसरी चूक याच्या उलटी: एस्पोझितो नाही, म्हणजे टाकलेलं मूल नाही. आडनावावरूनच हिणवलं जातं म्हणून नेपल्सचा राजा मुरात याच्या राजवटीत (१८०८ ते १८१५) ते नव्याने देण्यावर बंदी आली. मग कारकून मनाला येतील ती आडनावं देऊ लागले. शिवाय शहराशहराची तऱ्हा वेगळी होती. रोममध्ये प्रोयेत्ती, फ्लॉरेन्समध्ये इनोचेन्ती, मिलानमध्ये कोलोंबो. मिलानच्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर होतं, आणि कोलोंबो म्हणजे कबुतरच. पण म्हणून प्रत्येक कोलोंबो अनाथालयातला नव्हे. जेनोव्हाच्या विणकराचा मुलगा क्रिस्तोफोरो कोलोंबो, म्हणजे आपला कोलंबस, याचं उदाहरण समोर आहे.

आजचा नकाशा पाहून मूळ गाव ठरवू नका. विसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिणेतली माणसं कामासाठी उत्तरेतल्या तोरिनो-मिलानला लोटली. तिथल्या एस्पोझितोची मुळं बहुधा नेपल्सभोवतीच्या काम्पानिया प्रांतातच सापडतील.

जुने दस्तऐवज वाचताना आणखी एक खड्डा आहे. 'एस्पोस्तो' किंवा 'प्रोयेत्तो' हा शब्द नावापुढे दिसला की तो आडनाव समजून यादीत घातला जातो. कित्येकदा ते फक्त 'टाकलेलं मूल' असं बाळाचं वर्णन असतं. पूर्ण ओळ वाचा. आई-वडिलांच्या जागी काय लिहिलंय ते आधी बघा.

आडनावाची कुलचिन्हं विकणाऱ्यांकडे तर फिरकूही नका. चिन्ह घराण्याला मिळतं, आडनावाला नाही, आणि या आडनावामागे एक घराणं मुळातच नाही.

थेट अनुन्झियाताच्या वह्यांकडे उडी मारण्याची घाईही नडते. पिंपात ठेवलेलं ते बाळ तुमच्या पणजोबांच्याही आधी सहा पिढ्या होऊन गेलेलं असू शकतं. आजोबांपासून एकेक पिढी मागे जा. नेपल्स राज्यात नागरी नोंदी १८०९ पासून आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या 'अंतेनाती' पोर्टलवर फुकट बघता येतात. जन्मनोंदीपेक्षा लग्नाची पुरवणी कागदपत्रं आधी उघडा: त्यांत वधूवरांच्या जन्माचे उतारे आणि वारलेल्या आई-वडिलांचे, कधी आजोबांचेही मृत्यूचे दाखले एकत्र मिळतात. बायकांना माहेरच्याच आडनावाने शोधा. तिकडे लग्नानंतरही नोंदीत तेच राहतं.