‘सवलतीची खाट शिल्लक नाही’ या उत्तरावर सापडलेला मार्ग

वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी धर्मादाय रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवर आम्हाला तीनदा ‘सवलतीची खाट शिल्लक नाही’ असे सांगण्यात आले. विनवण्या केल्या, ओळखीतून फोन करवले, उसनवारीही पुरली नाही. आईने मंगळसूत्र रुमालात बांधून माझ्या हाती दिले, त्या दिवशी मी पुरता खचलो.

मग प्रथम खर्चाचे अंदाजपत्रक रुग्णालयाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घेतले. त्याला तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका जोडून अर्ज खिडकीवर न देता वैद्यकीय समाजसेवकांकडे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. (पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे होते.) अर्जात स्पष्ट लिहिले की, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खालील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, म्हणून खाट नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावे. पोचेची प्रत त्याच दिवशी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी खाट मिळाली.

दाखला व शिधापत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग आधीच जुळवून घ्या. आमचे दोन दिवस त्यातच गेले.