ब्रेडेड ब्रेक होज बसवताना या चुका टाळा

कोकणात ब्रेडेड होजचं (तारेची वीण असलेल्या ब्रेक ऑइलच्या लवचिक नळीचं) काम बहुतेक वेळा नव्या होजमुळे नाही, जुन्या नटामुळे अडतं. मालवण, हर्णै, रत्नागिरीच्या पट्ट्यात चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीत लोखंडी ब्रेक पाइप आणि रबरी होज जिथे जोडलेले असतात, तिथला फ्लेअर नट (पाइपाचं पसरट केलेलं टोक दाबून धरणारा नट) खाऱ्या हवेने गंजून पाइपालाच धरून बसतो. साधा ओपन पाना लावून जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात, नाहीतर नटाबरोबर पाइपही पिळवटतो. पिळलेला पाइप परत वापरायचा नाही. मग दोन तासांचं काम नवा पाइप बनवून घेण्यापर्यंत जातं आणि गाडी तोवर जॅकवर.

म्हणून आदल्या दिवशीच सुरुवात करा. तारेच्या ब्रशने नट आणि त्याच्या मागचा पाइप साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्री पुन्हा एकदा मारा. दुसऱ्या दिवशी फ्लेअर नटचाच पाना वापरा. बऱ्याच गाड्यांत तो १० मिमीचा लागतो. होजच्या बाजूचा षटकोन दुसऱ्या पान्याने पकडून ठेवा. नट हलला की एकदम सोडू नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा तेल, असं करत आणा आणि पाइप सोबत फिरतो का त्यावर डोळा ठेवा. फिरत असेल तर थांबा. गॅसची ज्योत दाखवायचा मोह टाळा, ब्रेक ऑइल पेट घेतं.

खरेदीतल्या चुका

ब्रेडेड होजमध्ये आत पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी आणि त्यावर स्टीलच्या तारांची वीण असते. रबरी होज दाब आला की किंचित फुगतो, हा जवळपास फुगत नाही, म्हणून पेडल घट्ट लागतं. एवढाच त्याचा फायदा, आणि तो मोलाचा आहे. पण त्याने गाडी कमी अंतरात थांबेल असं नाही. ते टायर आणि पॅडवर ठरतं. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना पेडल मऊ पडत असेल, तर आधी जुनं ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ आहे. आपल्या दमट हवेत ऑइल पाणी झपाट्याने ओढतं. दोन वर्षांत ते बदलायलाच हवं.

समुद्रकाठच्या गाडीला उघड्या विणीचा होज घेऊ नका. वाळू आणि जांभ्याची बारीक माती तारांत शिरते आणि आतली नळी हळूहळू घासते. बाहेरून दिसत काहीच नाही. पारदर्शक आवरणाचा घ्या, म्हणजे आत पाणी किंवा गंज शिरला तर कळेल. टोकाचे जोड जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतील तर खाऱ्या हवेत टिकत नाहीत; स्टेनलेसचे मागा.

जुना होज काढल्यावर नव्याशेजारी ठेवून लांबी आणि आटे जुळवा. फ्लेअर नटाला बहुधा एम१० (१० मिमी व्यास) आणि १.० पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असतो, पण बँजो बोल्टात (होजचं कडीसारखं टोक कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाला, धरणारा बोल्ट) १.० आणि १.२५ दोन्ही सापडतात. जुन्या जीपच्या जातीच्या गाड्यांत ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट भेटतो. तो एम१० मध्ये दोन-तीन फेरे जातोही, आणि तिथेच आटे मारतो. बोल्ट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच गेला पाहिजे. पाना लावावा लागला तर काहीतरी चुकलंय.

पीळ आणि घासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पीटीएफईची नळी ताठ असते; पीळ घेऊन बसवलेला होज एका जागी मुडपतो, किंवा चाक वळेल तसा स्वतःचा जोड सैल करत राहतो. कॅलिपरकडचा बँजो आधी सैल ठेवा, मग वरचं टोक ब्रॅकेटमध्ये बसवून क्लिप मारा, चाक सरळ ठेवून होजला नैसर्गिक वळण घेऊ द्या आणि शेवटी बँजो कसा. होजवरची छापील रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

मग तपासणी. चाक हवेत लोंबत असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. नंतर खालच्या आर्मखाली जॅक घेऊन सस्पेन्शन दाबा आणि पुन्हा फिरवा. कुठेही होज ताणला जाता कामा नये; टायर, रिम, स्प्रिंगपासून दोन बोटं अंतर हवं. विणीचं स्टील कानशीसारखं काम करतं: एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरला टेकलं तर वायर कापतं. म्हणून वायर आणि होज एकत्र झिप टायने आवळू नका.

वॉशर आणि आटे

प्रत्येक बँजोला तांब्याचे दोन वॉशर, एक वर, एक खाली, आणि दर वेळी नवे. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळायची घाई करू नका: बोल्ट आतून पोकळ असतो, तुटतो. आधी बसण्याची जागा पुसून ओरखडा आहे का बघा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच द्या. आट्यांना टेफ्लॉन टेप कधीच लावायची नाही. इथे सील आटे करत नाहीत, फ्लेअर आणि वॉशर करतात, आणि टेपचा तुकडा आत गेला तर ब्रेक अडकतो.

एअर काढताना

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढताना ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या गाडीत हवा युनिटमध्ये शिरली तर बऱ्याचदा स्कॅनर लावून काढावी लागते. चारही चाकांना मिळून साधारण एक लिटर सीलबंद डॉट ४ जवळ ठेवा. मागच्या जुलैपासून उघडी असलेली बाटली वापरू नका. पावसात हे काम काढूच नका, कोरडा दिवस निवडा. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर पेडल तळाला जाऊन मास्टर सिलिंडरचं सील त्याच्या गंजलेल्या भागावर घासून फाटतं. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

सगळं झाल्यावर इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून ठेवा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा.

पेडल अजून स्पंजसारखं लागत असेल तर कॅलिपर डावे-उजवे बदलले नाहीत ना, हवा काढायचं निप्पल वरच्या बाजूलाच आहे ना, हे बघा. निप्पल खाली असेल तर हवा निघतच नाही. मागे ड्रम असतील तर ब्रेक शू ड्रमपासून लांब बसलेत का तेही बघा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर. एकच चाक तापत असेल तर त्या बाजूचा होज मुडपलाय किंवा कॅलिपरची पिन गंजून अडकली आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूला हवा राहिली आहे का ते पाहा.

शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर जोड पुन्हा तपासा. किनाऱ्यावर गाडी घातली, किंवा दाभोळच्या फेरीबोटीवर चढताना खालून खारं पाणी उडालं, तर चाकांच्या आतल्या बाजूने गोड्या पाण्याचा पाइप मारा, ब्रॅकेट आणि क्लिपवर जरा जास्त वेळ.