समलिंगी जोडप्यातील एकजण परदेशी असेल तर : सोलापुरातून करावयाची तयारी

सोलापूरच्या एखाद्या तरुणाने जर्मन तरुणीशी लग्न करायचे ठरवले, तर वाट ठरलेली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे, लग्न नोंदवायचे, तिच्यासाठी एंट्री व्हिसा मागायचा आणि नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाली की ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्डासाठी अर्ज करायचा. त्याच तरुणाचा जोडीदार जर्मन पुरुष असेल, तर यांपैकी एकही पायरी त्याच्यासाठी नाही. दोन स्त्रियांच्या बाबतीतही हेच लागू पडते.

याचे कारण दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. संबंध गुन्हा नाही, पण पती-पत्नीचे नाते म्हणून त्याची नोंदही नाही, अशी आजची स्थिती आहे. परदेशात रीतसर झालेले लग्न घेऊन भारतात आलात, तरी त्या लग्नाच्या आधारावर येथे जोडीदाराला राहण्याचा हक्क मिळेल असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे कायमचे एकत्र राहण्याचा भरवशाचा मार्ग बहुतेक वेळा जोडीदाराच्या देशातून जातो, आणि कोणत्याही दलालाकडे जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : तो देश लग्नाचा दाखला मागतो, की एकत्र राहिल्याचा पुरावाही स्वीकारतो?

अमेरिका लग्न मागते. २६ जून २०१३ च्या निकालानंतर तेथील स्थलांतर खाते समलिंगी विवाहाला इतर विवाहांसारखेच वागवते, आणि २६ जून २०१५ पासून हा विवाह सर्व राज्यांत कायदेशीर आहे. लग्न जेथे झाले तेथे ते वैध असेल तर अमेरिका ते मानते. तुमच्या मूळ देशाने ते मानले पाहिजे अशी अट नाही. लग्न झालेले असेल तर अमेरिकन नागरिक असलेला जोडीदार आय-१३० हा अर्ज भरतो आणि नागरिकाच्या पती वा पत्नीसाठी वार्षिक कोट्याची रांग नसते. लग्न व्हायचे असेल तर के-१ हा वाग्दत्त व्हिसा आहे. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करावे लागते. सोलापूरसारख्या गावातल्या माणसाला, ज्याला आधी तिसऱ्या देशात जाऊन लग्न करणे अवघड जाते, त्याला के-१ सोयीचा पडतो. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज तेथे गेल्यावर वेगळा करावा लागतो. कायम वास्तव्य मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त मिळते, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढून टाकण्याचा अर्ज करायचा असतो. ही तारीख चुकवणारे लोक पुष्कळ आहेत.

ब्रिटनमध्ये लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप (लग्नासारखीच कायदेशीर नोंद) चालते, आणि अविवाहित जोडीदार म्हणूनही अर्ज करता येतो. मात्र किमान दोन वर्षे विवाहासारखे नाते असल्याचे दाखवावे लागते. खरा अडसर उत्पन्नाचा असतो. एप्रिल २०२४ पासून जोडीदार व्हिसासाठी वर्षाला २९,००० पौंड ही किमान मर्यादा आहे, आणि हे उत्पन्न बहुतेक वेळा तिकडच्या जोडीदाराचेच धरले जाते. तुमचा येथील पगार, तो कितीही चांगला असो, परदेशातून केलेल्या पहिल्या अर्जात सहसा मोजला जात नाही.

कॅनडाची रचना आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. तेथे प्रायोजनाचे, म्हणजे तिकडच्या जोडीदाराने तुम्हाला बोलावून घेण्याचे, तीन प्रकार आहेत. पहिला विवाहित जोडीदार. दुसरा ‘कॉमन-लॉ’ जोडीदार, म्हणजे सलग १२ महिने एकाच घरात राहिलेले. तिसरा ‘कॉन्जुगल’ जोडीदार, जो नेमका अशांसाठी आहे ज्यांना लग्नही करता आले नाही आणि एकत्र राहताही आले नाही. एक वर्षाहून जुने, परस्परांना बांधून घेणारे नाते असावे लागते, अर्जदार कॅनडाबाहेर राहणारा असावा लागतो, आणि लग्न व सहवास या दोन्हींच्या आड आलेले खरे कारण कागदोपत्री दाखवावे लागते. भारतात समलिंगी लग्नाला मान्यता नाही, एवढे म्हणणे पुरत नाही. अधिकारी विचारतो की मग तुम्ही कॅनडात जाऊन लग्न का केले नाही? येथे कॅनडाच्या पर्यटक व्हिसाला मिळालेला नकार हा पुरावा ठरतो. नकाराचे पत्र रागाने फाडून टाकू नये. ते फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावे. व्हिडिओ कॉलवर लावलेले लग्न मात्र कॅनडा प्रायोजनासाठी मानत नाही. अमेरिकाही दोघे समोरासमोर हजर नसलेल्या लग्नानंतर एकत्र आल्याचा पुरावा मागते.

ऑस्ट्रेलियात लग्नाचा मार्ग ९ डिसेंबर २०१७ पासून खुला आहे आणि लग्न नसेल तर साधारण १२ महिन्यांचे ‘डी फॅक्टो’ नाते चालते. न्यूझीलंडमध्ये कायम वास्तव्यासाठी १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०१७ पासून विवाह आहे. तेथे सहवासाच्या आधारावर व्हिसा मिळण्याची आशा धरू नये, आणि बहुतेकांना जाण्याआधी ए-१ पातळीची जर्मन यावी लागते, जिची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. जोडीदार युरोपीय संघाचा नागरिक असून स्वतःच्या देशाऐवजी संघातील दुसऱ्या देशात राहत असेल, तर युरोपीय न्यायालयाच्या ५ जून २०१८ च्या निकालामुळे समलिंगी पती-पत्नीलाही सोबत राहण्याचा हक्क आहे, जरी त्या दुसऱ्या देशात असे लग्न होत नसले तरी.

लग्न कोठे करावे, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. अनेकांचे लक्ष थायलंडकडे असते, कारण २३ जानेवारी २०२५ पासून तेथे समलिंगी विवाह नोंदवता येतो आणि प्रवास आवाक्यातला आहे. तेथील जिल्हा कार्यालय परदेशी व्यक्तीकडून ती अविवाहित असल्याचे, तिच्या दूतावासामार्फत प्रमाणित केलेले पत्र मागते. आपल्या बाबतीत ते पत्र कोणत्या शब्दांत आणि किती दिवसांत मिळेल, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्यावे. ब्रिटनमध्ये लग्न करून परतायचे असेल तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही, त्यासाठी विवाहाकरिता असलेला वेगळा अभ्यागत व्हिसा घ्यावा लागतो.

आता सोलापुरातल्या कागदांकडे येतो, कारण फाइली अडकतात त्या येथे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे. शाळेत मात्र मास्तरांनी मराठी पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहिलेले असते, आणि पासपोर्ट काढताना तिसराच क्रम पडतो. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘नरसय्या’ होते, आधारवर ‘नरसिंह’ होते आणि पासपोर्टवर इंग्रजीत एक अक्षर कमी होते. चारही कागद एकाच माणसाचे होते. हे परदेशी अधिकाऱ्याला पटवण्यात त्या माणसाचे सात महिने गेले. म्हणून सर्वांत आधी पासपोर्ट समोर ठेवावा आणि प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. जन्मनोंदीत नाव भरून घेण्याला १५ वर्षांची मुदत असते. ती उलटली असेल तर मुदतवाढ चालू आहे का, हे महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात विचारावे. नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा. तो आणि शाळेचा दाखला मिळून पुष्कळ ठिकाणी काम भागते. नाव मुळातच बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते आणि भाषांतरकाराने सही करून आपण दोन्ही भाषा जाणतो असे लिहून द्यावे लागते. अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र येथे नोटरीसमोर करता येते. परंतु परदेशात चालायचे असेल तर त्यावर राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घ्यावा लागतो. कोणता देश अपोस्टिल मानतो आणि कोणता स्वतंत्र पडताळणी करतो, हे त्या देशाच्या दूतावासाच्या यादीत पाहावे.

एक गोष्ट लोक शेवटपर्यंत लपवून ठेवतात आणि तीच सर्वांत जास्त नडते. घरच्यांच्या दडपणाखाली आधी एकदा लग्न झालेले असते, नंतर चार पंचांसमोर सोडचिठ्ठी झालेली असते किंवा स्टँप पेपरवर फारकतनामा लिहिलेला असतो. परदेशी अधिकाऱ्यासाठी हे लग्न अजून जिवंतच असते. नवे लग्न करण्याआधी, किंवा वाग्दत्त म्हणून अर्ज करण्याआधी, न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हातात हवा. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. त्यापुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा परदेशी अर्जाच्या निदान वर्षभर आधी वकिलाकडे जावे.

नात्याचा पुरावा हा दुसरा मोठा विषय. स्त्री-पुरुषाच्या लग्नात अधिकारी मांडवातला फोटो पाहतो, दोन्हींकडची माणसे मोजतो. आपल्याकडे बहुधा मांडवही नसतो आणि माणसेही नसतात, आणि घरच्यांची अनुपस्थिती संशयाची खूण मानली जाते. म्हणून घरी का सांगितलेले नाही किंवा सांगितल्यावर काय झाले, हे एका पानात साध्या शब्दांत लिहून फाइलला जोडावे. ज्या एखाद्या मावशीला, भावाला किंवा मित्राला माहीत असेल, त्यांचे सहीचे पत्र घ्यावे. बाकीचा पुरावा रोजच्या व्यवहारातून जमतो : पासपोर्टवरील शिक्के, बोर्डिंग पास, दोघांची नावे असलेली हॉटेलची बिले, पैसे पाठवल्याच्या पावत्या, कॉलची नोंद. शेंगाचटणी आणि चादरीचे पार्सल परदेशी पाठवल्याची कुरिअरची पावतीसुद्धा उपयोगाची असते, कारण तिच्यावर दोघांचे पत्ते आणि तारीख छापलेली असते. गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो आणि पुढच्या वर्षीचा एक, हे एकाच दिवशी काढलेल्या चाळीस फोटोंपेक्षा अधिक बोलतात. बँक खात्यावर जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमता येते. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते व नामनिर्देशन यांत कोणतेही बंधन नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवलेले आहे.

मधल्या काळात जोडीदाराला भारतात यायचे असेल तर पर्यटक, शिक्षण किंवा रोजगार व्हिसा स्वतःच्या बळावरच घ्यावा लागतो. रोजगार व्हिसासाठी काही अपवाद वगळता वर्षाला किमान १६.२५ लाख रुपयांचा पगार लागतो. जोडीदाराचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा भारतीय असतील तर मात्र त्याला स्वतःच्या वंशावरून ओसीआय मिळू शकते, आणि त्यासाठी लग्नाचा प्रश्नच येत नाही. पाकिस्तान व बांगलादेशचे नागरिकत्व कुटुंबात असल्यास ही सोय नाही. हा मार्ग आधी तपासावा, कारण तो पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. जोडीदार नेपाळी नागरिक असेल तर १९५० च्या करारामुळे व्हिसाचा विषयच उरत नाही.

परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा, ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, आणि तो हॉटेलांपुरता नाही, घरमालकालाही लागू आहे. १८० दिवसांहून अधिक मुक्कामाचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते. घरी पोलीस येऊन विचारून गेला तर शेजारी काय म्हणतील, या भीतीने लोक फॉर्म टाळतात. टाळू नये. फॉर्मवर नाते सांगण्याची सक्ती होत नाही, आणि एकाच पत्त्यावर राहिल्याचा तोच पुढे सरकारी पुरावा होतो.

अर्जात मात्र नाते लपवू नये. लग्न झालेले असताना पर्यटक व्हिसाच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिणे हे भारतीय कायद्याच्या दृष्टीने कदाचित खरेही वाटेल, पण ज्या देशाकडे अर्ज आहे तो देश ते लग्न मानतो, त्यामुळे तेथे ते खोटे विधान ठरते. अमेरिकेत अशा खोट्या विधानामुळे प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. ‘मित्र म्हणून जा, तिकडे गेल्यावर बघू’ असे सांगणाऱ्या एजंटाला नमस्कार करून बाहेर पडावे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन असा सल्ला देणाऱ्याला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ऑनलाइन पाहता येते.

पोलीस व्हेरिफिकेशनचा दाखला सर्वांत शेवटी काढावा, कारण त्याची मुदत मर्यादित असते. अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि सोलापूर पुण्याच्या विभागीय कार्यालयाखाली येते. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसाची मुलाखत मुंबईत होते. वैद्यकीय तपासणी तिच्या आधी काही दिवस होते, त्यामुळे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एकाच फेरीत दोन्ही उरकण्याचा बेत सहसा जमत नाही; दोन वेगळ्या फेऱ्या धराव्यात, आणि मूळ कागदांची पिशवी डोक्याशी घेऊन झोपावे.