बॅकअप क्वार्टरबॅकवरनं भांडायचं कसं

ऑगस्ट संपत आला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि मंडळाची वर्गणी हे विषय मागं पडतात आणि एकच चालू होतं, आपल्या टीमनी दुसरा क्वार्टरबॅक कोण ठेवायचा. आपली टीम म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, एनएफएल या तिकडच्या लीगची. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमची चाल चालवणारा गडी, आणि बॅकअप म्हणजे मेन लागला तर उतरवायला राखलेला दुसरा. इंजिनिअरिंगची निम्मी बॅच तिकडं गेली, त्यांनी इथल्यांना नाद लावला, आता ते तिकडं बर्फ उपसतात आणि आम्ही इथं रात्री साडेदहाला भडंग घेऊन मॅच लावतो. नवीन पोरं कट्ट्यावर येतात, पहिल्याच वादात तोंडघशी पडतात आणि परत येत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काय करायचं, तर भांडणाचा प्रश्नच बदलून घ्यायचा. दोघांत भारी कोण यावर पहाटेपर्यंत बोललात तरी निकाल लागत नाही, कारण दोघंही मेनपेक्षा कमीच आहेत, नायतर मेन झाले असते की. विचारायचं असं, की मेन गडी उद्या लंगडला तर तो किती मॅच बाहेर आहे असं धरून आपण बोलतोय? दोन-तीन मॅच सांभाळायला लागणारा माणूस वेगळा, अख्खा सीझन ओढायला लागणारा वेगळा, आणि दोन वर्षांनी मेन होईल म्हणून आत्तापासून पाळायचा तो तर आणखीनच वेगळा. बरेचदा समोरचा तिसऱ्याबद्दल बोलत असतो आणि तुम्ही पहिल्याबद्दल, आणि दोघंही घसा बसेपर्यंत बरोबरच असता.

आता नियम. सीझनआधीच्या सराव कॅम्पला 90 जण असतात, ऑगस्टच्या शेवटी त्यातनं 53 ठेवायचे. म्हणजे तिसरा क्वार्टरबॅक ठेवला की कुठला तरी लाइनमन नायतर कॉर्नरबॅक घरी जाणार, आणि तो कोण हे नाव घेऊन सांगता येत नसेल तर "तिघंही ठेवा" म्हणायचं नाही. असं म्हणणारा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतोच, त्याला चहाचं बिल द्यायला लावा.

यातला खरा हुकमी एक्का वेव्हर. चार सीझन पुरे न झालेल्या पोराला कापलं की तो आधी वेव्हरवर जातो, म्हणजे बाकीच्या 31 टीमना त्याला उचलायचा हक्क मिळतो आणि गेल्या वर्षी ज्यांची वाट लागली त्यांचा नंबर पहिला. कोणी नाही उचललं तर मगच तुम्ही त्याला 16 जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर परत घेऊ शकता, आणि तिथूनही दुसरी टीम आपल्या 53 मध्ये घ्यायला तयार असेल तर त्याला नेऊ शकतेच. चार सीझन झालेला जुना गडी मात्र या दिवसांत वेव्हरवर जात नाही, कापला की मोकळा, आणि गडी मोकळा असेल तर आधीच बोलून ठेवून दुसऱ्या दिवशी परत घेता येतो. म्हणून बिचाऱ्या म्हाताऱ्यालाच बरेचदा आधी कापतात, खेळ वाईट म्हणून नाही, परत मिळण्याची खात्री जास्त म्हणून. तेव्हा वादात विचारायचं, "याला कापला तर परत मिळेल काय?" दोघांत थोडा कच्चा असलेला पोरगा या एका प्रश्नावर जिंकू शकतो.

पैशाचं थोडक्यात, नवीन पोरगा चार वर्षांच्या स्वस्त करारावर असतो, अनुभवी महाग, कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, सगळ्यांना सारखी. एवढं पुरे. कॅपवर अर्धा तास बोलणाऱ्याला मॅच बघायची नसते.

आता क्लीव्हलँड ब्राउन्सचं 2023, हे मात्र पाठ करा, कारण या विषयावरचं सगळं त्यात आलंय. मेन होता डेशॉन वॉटसन. मागं दोघं, जोशुआ डॉब्स, बऱ्याच टीम फिरलेला आणि एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकलेला (आमच्या बॅचचं त्याच्यावर प्रेम असायचं हेच कारण), आणि डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन, त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (सगळ्या टीम पाळीपाळीनं नवीन पोरं निवडतात तो) पाचव्या फेरीत घेतलेला. प्रीसीझनमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये, या पोरानं असला खेळ केला की सगळे येडे झाले. टीमनी ऑगस्टअखेर डॉब्सला ॲरिझोनाला देऊन टाकलं, बदल्यात ड्राफ्टमधला पाचव्या फेरीचा पिक (पोरगा निवडायचा हक्क) घेतला, आणि पोराला दोन नंबर केलं. चौथ्या आठवड्यात वॉटसनचा खांदा दुखावला, पोरगा बाल्टिमोरसमोर उभा राहिला, तीन इंटरसेप्शन (फेकलेला बॉल विरोधकानंच झेलला), 28-3 नी हरले. मग पी. जे. वॉकर आणला, त्याच्या हातून तोवर एकही न हरलेली सॅन फ्रान्सिस्को 19-17 नी पडली, ती बरीचशी डिफेन्सच्या जीवावर. नोव्हेंबरमध्ये वॉटसनचा सीझनच संपला आणि त्यांनी घरी बसलेल्या जो फ्लाकोला फोन केला. वय 38. त्यानं पाच मॅचमध्ये चार जिंकून टीम प्लेऑफला नेली, आणि तिथं ह्यूस्टननी 45-14 नी धुतलं ती गोष्ट वेगळी.

आणि डॉब्स? ॲरिझोनानी 31 ऑक्टोबरला त्याला मिनेसोटाला पाठवला. 5 नोव्हेंबरला अटलांटात मॅच, त्यांच्या क्वार्टरबॅकच्या डोक्याला मार बसला, हा मैदानात. मेन टीमबरोबर सराव नाही, प्लेबुक (टीमच्या चालींचं पुस्तक) नीट वाचून झालेलं नाही, कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवरनं समजावून सांगतोय आणि हा आपल्या पायांवर पळतोय. 31-28, जिंकले. एका महिन्यानी त्यालाही बाकावर बसवला बरं का, तेव्हा यावरनं डॉब्स महान वगैरे म्हणू नका. पण दोन नंबरचं काम काय असतं ते इथं दिसतं. आठवडाभर सरावातले जवळजवळ सगळे बॉल मेनला मिळतात, बॅकअप स्काउट टीमबरोबर उभा राहून पुढच्या विरोधी टीमच्या क्वार्टरबॅकची नक्कल करत असतो, आणि रविवारी कोणाचा तरी गुडघा गेला की म्हणतात चल. दुसऱ्या विकेटकीपरचं पण असंच, पण त्याला निदान नेटमध्ये ग्लोव्हज घालायला मिळतात.

म्हणून प्रीसीझनचा स्कोअर वादात आणणाऱ्याला तिथंच थांबवा. तिथं बहुतेक टीमना तीन मॅच मिळतात, समोर निम्मी पोरं पुढच्या आठवड्यात घरी जाणारी, आणि डिफेन्स मुद्दाम साधा ठेवलेला, खरी चाल कोण कशाला दाखवेल. टचडाउन किती मारले हे सोडून दुसरं बघा. हेल्मेटमधला स्पीकर प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायची मुदत मोजणारं घड्याळ) 15 सेकंद उरले की बंद होतो, त्याच्या आत पोरगा हडल (चाल सांगायचा घोळका) मोडून लाइनवर येतोय का, की कायम शेवटच्या सेकंदाला पळापळ? तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्या) पाच यार्ड पाहिजे असताना तीन यार्डावर फेकून मोकळा होतोय का? रिसीव्हर (बॉल झेलणारा) वळायच्या आधी बॉल सुटतोय की तो वळलेला दिसल्यावर? पहिली जागा बंद असेल तर दुसरीकडं बघतोय की लगेच पळत सुटतोय? पळणं बघायला झकास वाटतं, प्रीसीझनमध्ये चालतंही, ऑक्टोबरमध्ये चालत नाही. ही चार निरीक्षणं घेऊन कट्ट्यावर गेलात तर आकडेवाला गप्प बसतो.

पुढचा अडथळा म्हणजे ब्रेडीवाला. कुठल्याही पोराची बाजू घेताना तो म्हणणारच, "ब्रेडी पण (टॉम ब्रेडी, न्यू इंग्लंडचा गाजलेला क्वार्टरबॅक) ड्राफ्टमध्ये 199 नंबरला घेतलेला." खरं आहे, न्यू इंग्लंडनी 2000 मध्ये चक्क चार क्वार्टरबॅक ठेवले त्यात तो होता, आणि 2001 मध्ये मेन क्वार्टरबॅक ब्लेडसो जबर लागून बाहेर गेल्यावर पुढचं सगळं घडलं. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक पर्डी तर 2022 च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा, 262 वा. यावर चिडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, बरोबर, आता त्याच वर्षांत उशिरा घेतलेल्या बाकीच्या क्वार्टरबॅकची नावं सांग. नाही सांगता येणार.

तुम्हाला अनुभवी गड्याची बाजू लढवायची असेल तर 1972 ची मायामी काढा. पाचव्या मॅचला मेन क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला, 38 वर्षांचा अर्ल मोरल आत आला, हा वेव्हरवरनं 100 डॉलर फी भरून उचललेला, आणि तो सीझन 17-0 झाला, एकही मॅच हरले नाहीत. पण हात जपून, समोरचा हुशार असेल तर 2011 ची इंडियानापोलिस काढेल. मेन क्वार्टरबॅक मॅनिंगची मान दुखावलेली, ऑगस्टअखेर धावपळ करून निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला आणला, पहिल्या तेरा मॅच सलग हरले, शेवटी 2-14. अनुभव होता, पण ती सगळी ऑफेन्स मॅनिंगच्या डोक्यातनं चालायची आणि नवीन माणसाला दोन आठवडे मिळाले. त्यामुळं माझं मत विचाराल तर वयापेक्षा ऑफेन्सशी जुळणं मोठं. मेन पळणारा असेल आणि बॅकअप खांबासारखा उभा राहणारा, तर बदल एका माणसाचा होत नाही, आख्खं प्लेबुक बदलावं लागतं.

फिलाडेल्फियाचं त्यात नशीब बघा. डिसेंबर 2017 मध्ये मेन क्वार्टरबॅक वेन्ट्झचा गुडघा गेला, बॅकअप निक फोल्सनी फेब्रुवारी 2018 मध्ये सुपर बोल (लीगची फायनल) 41-33 नी जिंकून दिला. कोच डग पीडरसन स्वतः कित्येक वर्षं नावाजलेल्या क्वार्टरबॅक फार्व्हच्या मागं बाकावर बसलेला. ऑफेन्स कोऑर्डिनेटर फ्रँक राईक, ज्यानं बॅकअप म्हणूनच जानेवारी 1993 मध्ये बफेलोला 35-3 च्या पिछाडीवरनं 41-38 नी जिंकवलं होतं. बाकावर बसलेल्याला काय झेपतं हे माहीत असलेली दोन माणसं वर, मग फोल्सला जमणाऱ्या चाली निवडणं त्यांना काय अवघड? हा मुद्दा वादात फार कमी जण काढतात, तुम्ही काढा, आपल्या टीमचा कोच कोणाबरोबर आधी काम केलेला आहे ते शोधून जा.

तिसऱ्याचा विषय निघाला तर एवढं माहीत पाहिजे. जानेवारी 2023 ला फिलाडेल्फियात सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्डीचं कोपर गेलं, मग जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार, मग पर्डीच दुखऱ्या हातानं परत आत, लांब फेकता येईना, 31-7. त्यावरनं 2023 पासून इमर्जन्सी तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम आला. पण तो पहिले दोघं दुखापतीनं किंवा पंचांनी बाहेर काढल्यामुळं गेले तरच आत येतो, दोन नंबरवाला घाण खेळतोय म्हणून नाही. नवीन पोरं इथंच फसतात, "नाय जमलं तर तिसऱ्याला आणतील" म्हणतात.

भाषेचं जरा सांभाळा, समोरचा वयानं मोठा असेल तर "दादा, तुमचं बरोबर आहे पण" अशी सुरुवात केली की पुढं काहीही म्हणता येतं. खेळाडूच्या घरादारावर जायचं नाही.

आणि वेळेचं. लिस्ट द्यायची मुदत तिकडच्या मंगळवारी दुपारी चारची, म्हणजे आपल्याकडं मंगळवारची रात्र उलटून दीड वाजता. बुधवारी सकाळी उठून "बघ, म्हणलं नव्हतं?" म्हणत कट्ट्यावर जाऊ नका, वेव्हरचे दावे त्याच दिवशी रात्री साडेनऊपर्यंत चालू असतात, आणि सकाळी जो तुमचा दोन नंबर होता तो जेवण होईस्तोवर कापलेला असू शकतो, कारण दुसऱ्या टीमनी सोडलेला कोणीतरी त्यांना जास्त आवडला. पैज लावायची असेल तर आधीच ठरवा, मंगळवारची लिस्ट धरायची की गुरुवार सकाळची. आमच्यात गुरुवारची धरतात, आणि हरलेल्यानं भडंग आणायचा, कांदा-लिंबू वेगळं.