बारा बोअर बंदुकीची नळी जपायची तर या चुका टाळा

तूर शेंगांनी भरली की जागल सुरू होते, अन् पारावर दरवर्षीचाच सल्ला निघतो: नळी तापते, झिजते, तर काडतुसातली दारू थोडी काढून टाक, छर्ऱ्यांना मेण लाव.

हे करू नका. तोफेच्या दारूगोळ्यात असा उपाय खरंच असतो. दारूभोवती टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेणाचं अस्तर देतात, म्हणजे वायूची धग पोलादाला कमी लागते. पण तोफेचा दाब कुठे अन् आपली बारा बोअर कुठे! हिची नळी आतून गुळगुळीत, आटे नाहीत. रानडुकरं हाकलायला काढलेल्या चार बारांनी ती झिजत नाही. त्यातून नव्या काडतुसांत बहुधा छर्रे प्लास्टिकच्या कपात असतात, शिसं नळीला घासतही नाही.

दारू कमी केली की खरा धोका सुरू होतो. बार फुसका निघतो, डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीतच अडकतो आणि मागून दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. ओल धरलेल्या काडतुसानेही हेच होतं. आवाज दबका आला तर थांबा. तोंड मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट जाऊ द्या, बंदूक रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. शिवाय काडतूस फोडून भरणं शेतीसंरक्षणाच्या परवान्यात बसत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो.

भरमारवाल्यांचं, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक असलेल्यांचं, दुखणं वेगळं. काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि नळी आतून गंजते. रॉकेलचा बोळा फिरवून भागत नाही, त्यातले क्षार रॉकेलात विरघळत नाहीत. गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, मग तेल. छर्ऱ्यांऐवजी सायकलच्या गोळ्या भरल्या की नळीला ओरखडे पडतात. काडतुसातली दारू तर भरमारमध्ये कधीच नको, नळी फुटते. तापलेल्या नळीत लगेच दारू ओतणंही तितकंच वाईट. आत निखारा राहिला असेल तर ती हातातच पेटते.

दवात भिजलेली बंदूक तशीच खोळीत कोंबणं ही सगळ्यांचीच सवय. नळ्या खराब होतात त्या बहुतेक अशाच, बारांनी नव्हे.

अन् फुगलेली नळी गावच्या लोहाराकडून ठोकून घेऊ नका. परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवा. तो बाद म्हणाला तर बाद.